रिपोर्ट हातात येईपर्यंत



मलकापूर, नांदुरा, शेगाव ही आपली स्टेशनं मुंबई-हावडा मार्गावर आहेत. त्यामुळे घरात कॅन्सरचा संशय आला की पहिला विचार मुंबईच्या तिकिटाचा येतो. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासूनचं, नाव मोठं. पण बायोप्सी आधी झाली असेल तर तिथं स्लाइड आणि ब्लॉक मागतात. हा ब्लॉक म्हणजे काय, तेच आपल्याला ठाऊक नसतं.

गाठीचा किंवा जखमेचा छोटा तुकडा काढतात, ती बायोप्सी. तो लगेच फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे, आणि फॉर्मालिन तुकड्याच्या दहापट तरी हवं. साध्या सलाइनमध्ये ठेवला तर तो सडतो. मग तो मेणात बसवतात, हाच ब्लॉक. त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप करून काचेवर घेतात आणि रंगवतात. ती स्लाइड पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली वाचतो. ब्लॉक नीट ठेवला तर वर्षांनंतरही त्यातून नवी तपासणी होते.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. लोक विचारतात, एआय आलं, आता पॅथॉलॉजिस्ट कशाला? स्लाइड स्कॅन करून लांबच्या तज्ज्ञाला दाखवता येते, हे खरं. पण तुकडा सडलेला असेल तर स्कॅनही सडक्याचाच होणार. आधी बाटलीत फॉर्मालिन हवं, तिच्यावर नाव हवं, काप करणारा शिकलेला तंत्रज्ञ हवा.

गरीब भागात हे जमतं का? जमतं. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि टाटानं ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. एका गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली. आठ वर्षांत त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच सेवेवर असलेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. नुसत्या तपासणीनं हे झालं नाही. तिच्यामागे बायोप्सी आणि उपचार जोडलेले होते.

आपल्याकडे साखळी तुटते ती बऱ्याचदा घरातच. अम्मी, खाला छातीतली गाठ लाजेपोटी सांगत नाहीत. खर्रा खाणाऱ्या भावाचं तोंड नीट उघडत नाही, पण तो हसून टाळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठं मिळतात हे मात्र मोहल्ल्यातल्या पोरालाही माहीत. आणि "सुई लावली की कॅन्सर पसरतो" या भीतीनं माणसं बायोप्सीच टाळतात. या भीतीपायी गेलेले महिने रोगाच्या पथ्यावर पडतात. इलाज करून घेणं तवक्कुलच्या विरुद्ध नाही, हे जुम्म्याच्या बयानात सांगायला काय हरकत आहे?

तुमच्याकडून तीन कामं हवीत. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा गाठ लागली, तर त्या माणसाला सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. बायोप्सी झाली की रिपोर्ट, स्लाइड, ब्लॉक मागून घ्या आणि जपून ठेवा. योजनेतून उपचार मंजूर करायलाही निदानाचे कागद लागतात. आणि दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा: आपल्या सरकारी रुग्णालयात पॅथॉलॉजिस्टची पदं किती, भरलेली किती, बायोप्सीचा रिपोर्ट किती दिवसांत मिळतो? उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. ते आलं की पुढच्या बैठकीत घेऊन या. पुढची मागणी त्यावरच लिहू.