वर्ग सांभाळण्याची विद्या



“पोर ऐकत नसेल तर खुशाल बडवा,” असें मास्तरास सांगणारे आईबाप आपल्यांतच आहेत. म्हणून हें बोलणें आधीं आपल्यासाठींच आहे. मार खाल्लेलें पोर शाळा चुकवून शेळ्यांमागें जातें, आणि तें घर आणखी एक पिढी अंगठ्यावर राहतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलास मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी केली. १ एप्रिल २०१० पासून तो कायदा लागू आहे. छडी काढून घेतली हें योग्यच झालें. परंतु तिच्या जागीं मास्तराच्या हातीं काय दिलें, हा आमचा सवाल आहे.

वाडीवस्तीवरची शाळा डोळ्यांसमोर आणा. शिक्षक दोन, इयत्ता चार. पहिलीस अक्षर गिरवून द्यावें तों चौथीचीं पोरें मोकळीं. दिवाळीच्या सुमारास ऊंसतोड्यांचीं मुलें कोपीवरून येतात, हंगाम सरला कीं जातात. रांजणगांव, कुरकुंभच्या कारखान्यांमागें आलेल्या परप्रांतीय बिऱ्हाडांच्या मुलांस मराठी उमगत नाहीं. न कळलेलें मूल उगी बसत नाहीं, आणि आपण त्यास द्वाड म्हणतों!

जाणता शिक्षक काय करतो? एका इयत्तेस शिकवावयास बसण्यापूर्वीं दुसरीच्या हातांस काम देतो. नियम मोजके ठेवतो, ते मुलांच्या विचारानें ठरवितो, आणि पाट्या कशा वाटावयाच्या, बोलावयाचें तर हात कसा वर करावयाचा, याचा पहिला पंधरवडाभर रोज सराव घेतो. कोपीवरच्या मुलास गांवचा जोडीदार देतो. चुकलेल्या मुलाजवळ जाऊन हळू बोलतो. चारचौघांत त्याची जात, त्याचा बाप किंवा फाटका सदरा काढीत नाहीं. ही शेवटची गोष्ट आम्ही सर्वांत मोठी समजतों.

ही विद्या शिकतां येते, पण दिवसभर सभागृहांत व्याख्यान ऐकून नव्हे. सुतार असा घडतो काय? नव्या गोऱ्ह्यास आपण जाणत्या बैलाशेजारीं जुंपतों. तसा नव्या शिक्षकानें आठवडाभर जाणत्याचा वर्ग पाहावा, मग जाणत्यानें त्याच्या वर्गांत मागें बसावें, आणि शाळा सुटल्यावर दोघांनीं बोलावें. केंद्राची शिक्षण परिषद आहे, लोणी काळभोरास जिल्ह्याची प्रशिक्षण संस्था आहे. त्यांनीं हें काम हातीं घ्यावें.

मागणी जुनीच आहे. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सांगितलें कीं, प्राथमिक शिक्षक शिकवून तयार केलेला असावा, होतां होईल तों शेतकरी वर्गांतला असावा, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्याची त्यास लाज वाटूं नये, आणि त्यास पगार निदान १२ रुपये मिळावा. असाच मनुष्य आपल्या मुलांत मिसळेल, हा त्यांचा हिशेब.

शाळा व्यवस्थापन समितींत कायद्यानें तीन चतुर्थांश आईबाप असतात. पुढच्या सभेंत रंग-पत्र्याची चर्चा आटोपली कीं विचारा: आमच्या बाईंस, गुरुजींस वर्ग सांभाळण्याचें शिक्षण कोणीं दिलें, कधीं दिलें, आणि पुन्हां कधीं देणार? उत्तर लिहून घ्या. आणि “बडवा” म्हणणें त्याच दिवशीं सोडा.