दम, सुया आणि तीन जिने
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे कोणी काही सांगितलं की आधी कागद मागायची सवय. पण आमची सौ. सुया लावून घेते हे कळल्यापासून निम्मी सोसायटी मला जिन्यात गाठून विचारते, "भाऊ, फरक पडला का?" म्हणून एकदाच सगळ्यांना सांगतो.

सौ.ने विडी-सिगारेट कधी पाहिलीसुद्धा नाही. पण लहानपण चुलीच्या धुरात गेलं. डॉक्टरांनी स्पायरोमेट्री करून सीओपीडी सांगितला. चुलीच्या धुरानेही तो होतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आमचा तिसरा मजला. भाजीची पिशवी खाली ठेवून ती प्रत्येक वळणावर थांबायची. (लिफ्टचा विषय आजच्या अजेंड्यावर नाही, सेक्रेटरींनी घाबरू नये.)

आपल्याला वाटतं, हवा आत जात नाही म्हणून दम लागतो. खरी अडचण बाहेर पडण्याची आहे. कालचे टोकन निकाली निघाले नाहीत तर आजच्या माणसाला काउंटरवर जागा कुठून? जुनी हवा साठून फुफ्फुसं फुगलेली राहतात. त्यांच्याखाली घुमटासारखा असतो तो श्वासपटलाचा स्नायू, डायफ्रॅम, तो सपाट होतो. आधीच खाली आलेला स्नायू आणखी किती ओढणार? मग मानेचे आणि खांद्याचे स्नायू ओव्हरटाइम करतात. सौ.ची मान संध्याकाळी का दुखायची, ते त्या दिवशी समजलं.

यावर खरा उपाय म्हणजे इन्हेलर आणि व्यायाम. चालणं, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं, आणि काहींना श्वास ओढताना अडथळा देणारं छोटं यंत्र. पण दम लागतो म्हणून माणूस चालत नाही, आणि चालत नाही म्हणून स्नायू आणखी लुळे पडतात. सुईचा उपयोग झालाच तर इथे, हे चक्र तोडायला.

कागद मागितला तेव्हा जपानचा एक अभ्यास मिळाला, २०१२ साली छापलेला. सीओपीडीचे ६८ रुग्ण. निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना टोचल्यासारख्या वाटणाऱ्या पण आत न जाणाऱ्या. आठवड्यातून एकदा, १२ आठवडे. नेहमीची औषधं दोघांचीही चालू. सहा मिनिटं चालल्यावर दम किती लागला याला शून्य ते दहा मार्क द्यायचे. खऱ्या सुयांच्या गटाचा आकडा ५.५ वरून १.९ वर आला, दुसऱ्यांचा जवळपास तिथेच राहिला. चांगला आकडा आहे. पण ६८ माणसांवर मी मोठं कर्ज मंजूर केलं नसतं, आणि सुई लावणाऱ्याला खरी कोणती ते माहीत असतंच. म्हणून मी याला टॉप-अप म्हणतो. मूळ खातं इन्हेलरचं.

ही विद्या चिनी. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ साली जे वैद्यकीय पथक चीनला गेलं, त्यातल्या डॉ. बिजॉय बसूंनी पुढे ती तिथे शिकून कलकत्त्यात आणली. कोटणीस स्वतः सर्जन होते, त्यांचा सुयांशी संबंध जोडू नका.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. छातीच्या डॉक्टरांना आधी विचारा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर सुई लावणाऱ्याला सांगा. सुई नवी, आपल्यासमोर पाकीट फोडलेली हवी. छातीवर सुई खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं, आणि आधीच फुगलेल्या फुफ्फुसाला ते परवडत नाही. म्हणून नोंदणी नंबर मागायला लाजू नका. आणि "इन्हेलर बंद करा, मी बरं करतो" असं कोणी म्हणालं, तर चप्पल घालून सरळ घरी या.

सौ.ला फरक पडला का? आता ती एकाच वळणावर थांबते, मानही कमी दुखते. पण सुया आणि व्यायाम तिने एकाच महिन्यात सुरू केले, तेव्हा कुणाच्या खात्यात किती जमा करायचं हे मला ठरवता येत नाही. ती स्वतः म्हणते, सुयांनंतर दोन दिवस चालायची भीती कमी वाटते.

बी विंगच्या पॅसेजमध्ये खडूने ३० मीटर आखून ठेवले आहेत. रोज सकाळी साडेसातला आम्ही दोघं तिथे असतो. घड्याळ माझ्याकडे आहे, आणि बसायला दोन खुर्च्या वॉचमनने काढून ठेवल्या आहेत.