तीन वेळा दुसरा
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत. २८ वेळा अडथळे ओलांडायचे, शिवाय ७ वेळा पाण्यावरून उडी. अडथळ्याची उंची बदलत नाही, पण पाय दमले की दर फेरीला तो उंच वाटू लागतो.

केनियाचा पॅट्रिक सँग ही शर्यत धावायचा. १९९१ ला टोकियोत आणि १९९३ ला स्टुटगार्टला, जागतिक स्पर्धेत तो दुसरा आला. १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्येही दुसरा. सुवर्णपदक पाऊण सेकंदाहून कमी वेळानं हुकलं. मुशायऱ्यात असे नंबर काढत नाहीत, पण आपला कितवा लागला ते कवीला बरोबर कळतं.

मला सांगायचंय ते यानंतरचं. सँग गावाकडे, नंदी भागात, मुलांचा सराव घेऊ लागला होता. २००१ च्या सुमारास एक पोरगा आला आणि म्हणाला, कसं धावायचं ते मला लिहून द्या. सँगनं थोड्या दिवसांचा सराव कागदावर लिहून दिला. तेवढा संपवून पोरगा पुन्हा हजर. पुन्हा कागद. पोरानं एक स्पर्धा जिंकली तेव्हा कुठे सँगनं त्याला नाव विचारलं. तो निघाला एलिउद किपचोगे, सँगला बालवाडीत शिकवलेल्या बाईंचा मुलगा.

पुढचं जगाला ठाऊक आहे. २००३ ला पॅरिसमध्ये ५००० मीटरचं जागतिक विजेतेपद, २०१६ आणि २०२१ ला मॅरेथॉनची ऑलिंपिक सुवर्णपदकं. २०१९ ला व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत! सोबतीला वेग राखणारे धावपटू आळीपाळीनं येत होते, म्हणून तो विक्रम धरला गेला नाही. ते असो. या सगळ्यामागे प्रशिक्षक एकच होता. जे सुवर्ण सँगला स्वतःला मिळालं नाही, ते त्यानं शिकवलेल्या पोरानं दोनदा आणलं.

उर्दूत इस्लाह म्हणतात. शागिर्दाची गझल उस्ताद दुरुस्त करतो, आणि मुशायऱ्यात नाव शागिर्दाचं पुकारलं जातं. मी मराठीत गझल लिहू लागलो तेव्हा आमच्या एका गुरुजींनी माझ्या वह्या लाल शाईनं भरून टाकल्या होत्या. एक पैसा घेतला नाही, वर चहा पाजायचे.

चार वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्या दारात आला. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही. "सर, जरा बघता का?" मी कार्यक्रमाला निघालो होतो, खाली रिक्षा उभी होती. "नंतर ये बाळा," म्हणालो.

तो आला नाही. मी शोधायला निघालो असतो, पण नाव विचारलंच नव्हतं.