शुश्रूषा करणाऱ्याचीही शुश्रूषा हवी



मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करुग्ण तेथे येतात. प्रत्येकासोबत कोणीतरी असते. कधी पत्नी, कधी मुलगा, कधी सून, तर कधी धाकटा भाऊ. काखेत फाइल, हातात पाण्याची बाटली आणि डोळ्यांत अनेक रात्रींचे जागरण. केसपेपर रुग्णाच्या नावाने निघतो. सोबत आलेल्याच्या नावाचा कागद कोठेच नसतो. त्या माणसाचा विचार आज करावयाचा आहे.

त्याच्यावरील भार किती असतो? केमोथेरपी पुष्कळदा दर २१ दिवसांनी दिली जाते. नंतरच्या काही दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट एवढा तापही जिवावर बेतू शकतो आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते. म्हणून घरातील एक माणूस थर्मामीटर उशाशी ठेवून अर्धवट जागाच असतो. रेडिएशन असेल तर बहुधा आठवड्यातून पाच दिवस खेपा. रजा संपत आलेली, मुलांची परीक्षा तोंडावर, ठेवी मोडलेल्या आणि या सर्वांवर चेहरा हसरा ठेवण्याची सक्ती!

महिनोन्‌महिने हे चालले की मन थकते. क्वचित रुग्णावर चिडचिड होते. 'आता हे संपावे' असा विचारही क्षणभर चमकून जातो आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटते. हा प्रेमाचा अभाव नव्हे. ही थकव्याची भाषा आहे. परंतु कर्तव्याचा आदर्श ज्या घरात उंच, त्या घरात हे बोलण्याची चोरी अधिक. एकदा कोणापाशी तरी बोलता आले, आणि ऐकणाऱ्याने निवाडा केला नाही, तर निम्मे ओझे उतरते.

दुसरे ओझे गुपिताचे. 'त्यांना काही सांगू नका' असे आपल्या कुटुंबांत सर्रास म्हटले जाते. रुग्णाला बहुतेक वेळा उमगलेले असतेच. पत्नीला त्रास नको म्हणून तो गप्प राहतो. त्याला धक्का नको म्हणून ती गप्प राहते. एकाच खोलीत दोघेही एकाकी होतात. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यालाच हळुवारपणे विचारावे आणि डॉक्टरांच्या साहाय्याने ही कोंडी फोडावी, हेच हिताचे.

समाजाने या सोबत्याची दखल घेतली नाही, असे नाही. दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि १९६८ साली स्थापन झालेली परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी परगावच्या रुग्णांना व नातेवाइकांना निवारा दिला. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून रुग्णासमवेत घरच्यांनाही शुश्रूषेचे शिक्षण देते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली उपशामक सेवेची व्याख्या केली, तिच्यात कुटुंबाला आजारपणात आणि वियोगानंतरही आधार देणे समाविष्ट आहे. केरळात १९९३ साली कोझिकोड येथे या कार्याची संस्था उभी राहिली. पुढे गावोगावचे सामान्य नागरिक प्रशिक्षण घेऊन रुग्णांच्या घरी जाऊ लागले आणि २००८ साली राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरणच स्वीकारले.

मोठी इमारत किंवा मोठा निधी नसतानाही हे काम प्रत्येक वस्तीत होऊ शकते. 'काही लागले तर सांगा' असे म्हणणे सोपे. पण थकलेला माणूस मागत नाही. त्यापेक्षा 'मंगळवारी दुपारी तीन ते सहा मी काकांजवळ बसतो, वहिनी, तुम्ही झोप घ्या' असे सांगावे आणि दर मंगळवारी जावे. कोणा वैद्याचा पत्ता, कोणाच्या दगावण्याची कथा, 'हे कशामुळे झाले' ही चौकशी घेऊन जाऊ नये. डबा द्यावा, बिलांच्या रांगेत उभे राहावे, मुलांचा अभ्यास घ्यावा. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, रडू आवरत नसेल किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आणि दुर्दैवाने रुग्ण गेलाच, तर? तेराव्यानंतर घर रिकामे होते. रात्री आठ वाजता औषधाच्या डब्याकडे सवयीने हात जातो आणि तेथेच थबकतो. खरी गरज तेव्हा सुरू होते. म्हणून महिन्याने जावे, सहा महिन्यांनी जावे, वर्षश्राद्धालाही आठवणीने जावे.

'रुग्ण कसा आहे?' हे सगळेच विचारतात. 'तुम्ही जेवलात का? झोपलात का?' हे विचारणारा आणि उत्तर ऐकेपर्यंत बसून राहणारा एक तरी माणूस अशा प्रत्येक घराला मिळावा. सेवेचा इतका छोटा आणि इतका आवश्यक संकल्प दुसरा नसेल.