‘घरी वाचून घ्या’

(दहावी १९९६च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना दोन-तीन वाक्यं गाळली आहेत, बाकी बोलले तसंच.)



समितीनं मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून. पण त्यावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी इतकं ज्ञान येतं की माझी गरज नाही. मला दुसरंच बोलायचंय. त्यासाठी नवऱ्याची परवानगी घेतली आहे आणि मागच्या आठवड्यात बाईंनाही फोन केला होता. नवरा अकोल्याचा. मागच्या रांगेत बसलाय, निळा शर्ट. त्याच्याकडे वळून बघू नका, तो लाजतो.

तुम्हाला दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा आठवतो? शिकवलेला आठवणार नाही. बाई वर्गात आल्या, पान उघडलं, खडूनं फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, “हा सोपा आहे, घरी वाचून घ्या.” मागच्या बाकावरची पोरं खोकली. आम्ही मुलींनी माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशी विद्युतधारा सुरू झाली. मला विज्ञानात चांगले मार्क होते. पुढे इंजिनिअर झाले. आकृतीला नावं द्यायची झोपेतही जमली असती. पण आपल्या शरीराबद्दल दुसऱ्या माणसाशी बोलायचं असतं तेव्हा कोणते शब्द वापरतात, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

माझं लग्न मे २००५ मध्ये झालं. रीतसर बघून, पत्रिका जुळवून. दोघं पुण्यात नोकरीला, सणावारांना अमरावती-अकोला. आणि पहिल्या रात्रीपासून आमचा शरीरसंबंध होऊ शकला नाही. एकदा नाही, दहादा नाही, साडेतीन वर्षं. माझं शरीर आपोआप बंद व्हायचं. दुखायचं, मी घामाघूम व्हायचे, तो घाबरून बाजूला व्हायचा. हळूहळू आम्ही प्रयत्नच सोडला. मग हात धरणं सोडलं, कारण हात धरला की पुढे ‘ते’ आलंच. शेवटी एकाच पलंगावर आम्ही बडनेरा स्टेशनवरच्या अनोळखी प्रवाशांसारखे झोपायचो, आपापली बॅग सांभाळत.

आईला एकदा अर्धं बोलले. ती म्हणाली, “होते हळूहळू. कोणाले सांगू नको.” अकोल्याला सासूबाई दर दिवाळीला विचारायच्या, “काहून वं, काही हाये का?” शेगावला नवस झाला. बाई प्रेमळच होत्या, पण त्यांना नातू हवा होता आणि मला तोंड लपवायला जागा. मग एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थायरॉइड, सोनोग्राफी, नवऱ्याची तपासणी, सगळं लिहून दिलं. तपासायला लागल्या आणि मी टेबलावरून अक्षरशः उडाले, तर म्हणाल्या, “जरा सहकार्य करा ना.” मूल का होत नाही याची दोन पानं फाइल तयार झाली, पण मुळात संबंध येतो का, हा एक ओळीचा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही सांगितलं नाही. विचारतील तर सांगू, असं ठरवलं होतं.

त्याच काळात नवरा मला न सांगता एका ‘क्लिनिक’मध्ये जाऊन आला. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर चुन्यात रंगवलेल्या त्या जाहिराती तुम्हाला माहीत आहेत. आपण शाळेच्या सहलीला जाताना खिडकीतून मोठ्यानं वाचायचो आणि सर ओरडायचे. त्याला तिथे ‘कमजोरी’ सांगितली आणि अकरा हजारांची भुकटी व तेल दिलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. पुण्याला परतताना ती बाटली बॅगेत फुटली, सासूबाईंनी दिलेल्या जवसाच्या चटणीत मिसळली, आणि मुर्तिजापूर यायच्या आत सगळ्या डब्याला वास. तेव्हा मला कळलं. मी रागावले नाही. आपल्यामुळे या माणसाला कुठे जावं लागलं, म्हणून रडले.

एक माहिती. अशा जाहिरातींना आपल्या देशात १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा. त्यात लैंगिक क्षमता वाढवून देण्याच्या जाहिरातीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आपण खिडकीतून वाचत होतो तेव्हाही त्या बेकायदा होत्या. पण कायद्यानं भिंत पुसली तरी प्रश्न राहतो, आणि प्रश्न घेऊन जायला दुसरं दार नसेल तर माणूस तंबूतच शिरतो. पोरांच्या मनातली ‘धातू जाण्याची’ भीती बघा. डॉ. एन. एन. विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. थकवा, चिंता, झोप उडणं हे सगळं खरं असतं. वीर्य गेल्यामुळे ते होतं, ही समजूत मात्र खोटी असते. तंबूवाल्याचा धंदा त्या समजुतीवर चालतो.

२००८च्या पावसाळ्यात पुण्यात ऑफिसजवळच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे साध्या तक्रारीसाठी गेले होते. त्यांनी फाइल चाळली, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “संबंध येतो का? पूर्ण येतो?” पाऊस पडतो का, या सुरात. मी “नाही” म्हणाले. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी कागदावर एक नाव लिहून दिलं. दोघांनी मिळून जायचं, एकटीनं नाही, असं दोनदा बजावलं.

त्या होत्या मानसोपचारात एमडी, आणि लैंगिक व दांपत्य समुपदेशनाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या. खोलीत दोन सारख्या खुर्च्या. पलंग नाही, पडदा नाही. पहिला प्रश्न असा: “शरीरसंबंधाला तुम्ही दोघं घरात काय म्हणता?” आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्याकडे शब्दच नव्हता. आम्ही ‘ते’ म्हणायचो. “मग ‘ते’ म्हणजे नक्की काय होतं, कुठपर्यंत होतं आणि कुठे थांबतं, ते सांगा.” ऑफिसात कुणी ‘सिस्टीम चालत नाही’ एवढंच लिहून पाठवलं तर मी चिडते. काय केलं, कुठे अडलं, पडद्यावर काय दिसलं ते लिही म्हणते. आणि स्वतःच्या संसारात साडेतीन वर्षं ‘ते चालत नाही’ एवढंच म्हणत होते!

मग त्यांनी समजावलं. याला व्हजायनिस्मस म्हणतात. डोळ्याजवळ काही आलं की पापणी जशी आपोआप मिटते, तसे योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळतात. बाईनं मुद्दाम केलेलं नसतं, नवऱ्यावर प्रेम नाही असंही नसतं, रचनेत बहुधा दोष नसतो. आणि उपचारानं ते बरं होतं. “बरं होतं” हे दोन शब्द ऐकून नवरा उठून पाणी प्यायला गेला.

पहिल्या बैठकीचा शेवट मला अजून पाठ आहे. “तीन आठवडे संबंधाचा प्रयत्न अजिबात करायचा नाही. सक्त मनाई.” आम्हाला वाटलं चेष्टा आहे. पण मनाई झाल्यावर हात धरायची भीती गेली, कारण पुढे काही येणारच नव्हतं. मग घरचा अभ्यास: आज फक्त पाठ, उद्या फक्त हात-पाय, कसं वाटलं ते बोलायचं. ही पद्धत अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीची, १९७० साली त्यांच्या ग्रंथातून जगापुढे आली. लैंगिक अडचणीत एकटी बायको किंवा एकटा नवरा रोगी नसतो, अडचण दोघांची असते, हे त्यांनी ठामपणे मांडलं. माझ्यासाठी पुढे स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, स्वतःच्या बोटाची सवय, मग लहान ते मोठं असं क्रमानं. या क्रमाला घाई चालत नाही. मध्ये दोनदा आम्ही भांडलो, एकदा बैठक बुडवली, आणि एका बैठकीत तर विषय लैंगिक नव्हताच, दिवाळी अकोल्याला की अमरावतीला यावर पाऊण तास गेला. त्या म्हणाल्या, हेही त्याच खोलीत येतं. पाच महिने, अकरा बैठका. औषध फारसं नाही. तेव्हाच्या आमच्या पगारात फी जाणवायची, पण भुकटीपेक्षा स्वस्त पडली.

मुलगी झाली ते नंतरचं. ती आता नववीत आहे.

मग मी वाचायला लागले. नवऱ्यानं डॉ. विठ्ठल प्रभूंचं ‘निरामय कामजीवन’ आणलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. आधी कुणी दिलं असतं तर, असं वाटत राहिलं. आणि र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. १९३४चा खटला तर वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. तरी खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. लोक पत्रं लिहून विचारत होते आणि उत्तर देणं हा गुन्हा ठरला. पुढे मुंबईतच डॉ. प्रकाश कोठारींनी केईएममध्ये हा विषय वैद्यकीय शाखा म्हणून उभा केला, आणि डॉ. महिंदर वत्स यांनी ऐंशी ओलांडल्यावर वर्तमानपत्रात रोज प्रश्नांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. २०२० मध्ये शहाण्णवाव्या वर्षी ते गेले. आणि आपल्या राज्यात २००७ मध्ये शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाला मनाई झाली होती, तेही याच काळात. म्हणजे पुन्हा घरी वाचून घ्या.

आज का बोलतेय ते सांगते. मागच्या वर्षी आपल्यातल्याच एकीचा रात्री साडेअकराला फोन आला. नाव सांगणार नाही. तिच्या मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं, मुलगी माहेरी परतली, काही बोलत नाही, आणि सासरचे कोर्टाची भाषा करतात. हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न झाल्यास लग्न रद्द करता येतं. म्हणजे जी गोष्ट घरात बोलायची नाही, ती न्यायालयात वकिलाच्या तोंडून वाचली जाणार. मी एकच विचारलं, “संबंध आला का, असं तिला कुणी विचारलं?” पलीकडे बराच वेळ शांतता. कुणी विचारलं नव्हतं. पोरगा-पोरगी दोघं आता उपचार घेत आहेत. काय होईल मला माहीत नाही. कदाचित वेगळेही होतील. पण कशामुळे ते त्यांना कळलेलं असेल.

कोर्टापर्यंत गेलेल्यांसाठीही एक खोली असते. १९८४च्या कायद्यानं आलेल्या कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. अमरावतीत आणि अकोल्यात दोन्हीकडे हे न्यायालय आहे. पण तिथवर जाण्याची वाट कशाला बघायची?

आणि हे फक्त नव्या जोडप्यांचं नाही बाप्पा. आपण चव्वेचाळीस-पंचेचाळीसचे झालो. इथे निम्म्यांना साखर किंवा बीपी आहे, जेवणाच्या रांगेत कळेलच. मधुमेहानं आणि काही गोळ्यांनी ताठरता कमी होते. कधी कधी ती हृदयाच्या धमन्यांच्या आजाराची आधीची खूण असते, म्हणून लपवू नका, फिजिशियनला सांगा. आम्हा बायकांची पाळी जायची वेळ येतेय, कोरडेपणा येतो, दुखतं. त्यावर साधी मलमं आहेत. “आता या वयात काय” म्हणून पलंग वेगळे करण्याआधी एकदा विचारा.

कोणाला विचारायचं? ‘सेक्स थेरपिस्ट’ या पाटीसाठी आपल्याकडे वेगळा सरकारी परवाना नाही, म्हणून पाटीवर जाऊ नका, पदवी विचारा. मानसोपचारातला एमडी डॉक्टर, स्त्रीरोग किंवा मूत्ररोग तज्ज्ञ, किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद लागते. मग विचारा, या विषयाचं प्रशिक्षण कुठे घेतलं. चांगला माणूस या प्रश्नानं चिडत नाही. तो हमी देत नाही, स्वतःच्या दुकानातली पुडी विकत नाही, जोडीदाराला बोलावतो आणि आधी साखर तपासून या म्हणतो. समुपदेशनात अंगाला हात लावणं नसतं. शारीरिक तपासणी डॉक्टर करतो, तीही दुसरी व्यक्ती हजर असताना. कुणी वेगळं करायला लागलं तर उठून निघा. आपल्याकडे अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीत पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहेत, सुरुवात तिथून करता येते. शहरात ओळखीचं कुणी दिसेल अशी भीती वाटत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे, फुकट, मराठीतही बोलतात. मला साडेतीन वर्षं वाटायचं की अख्खं राजकमल चौक माझ्याकडे बघतंय. कुणाला वेळ नव्हता.

आता बाईंबद्दल. फोनवर मी चाचरत म्हणाले, “बाई, तो धडा… तुम्हाला वाईट वाटेल.” त्या हसल्या. म्हणाल्या, “अगं, त्याच वर्षी माझं लग्न झालं होतं. मला तरी कोणी सांगितलं होतं? मी तो धडा स्टाफरूममध्ये तीनदा वाचून आले होते. शब्द तोंडातून निघेनात.” मग थोडं थांबून, “तू बोल. मी पहिल्या रांगेत बसते.” त्या बसल्या आहेत.

जेवण झाल्यावर मी सायकल स्टँडच्या मागे, चिंचेखाली असेन. ज्याला नाव-नंबर हवा त्यानं यावं. पुरुषांना माझ्याशी बोलायला अवघड वाटत असेल तर निळा शर्ट तिथेच असेल.