एकदा अंघोळ, रोज पाय

(उपासकाळातील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात दिलेलं भाषण. बोललेलं तसंच ठेवलं आहे, थोडं आवरून.)



मला विषय दिला आहे, ‘तारण एकदाच मिळतं की रोज पश्चात्ताप करावा लागतो?’ पाळकसाहेबांनी फोनवर विचारलं तेव्हा मी पटकन हो म्हणाले. ईश्वरविज्ञानाची पदविका घेताना या प्रश्नावर वीस गुणांचा निबंध लिहिला होता, म्हणून वाटलं, सोपं आहे. तो निबंध परवा काढून वाचला आणि परत ठेवून दिला. त्यातलं काही चूक नाही. पण त्यात माणूस एकही नाही.

आपल्या नगरमध्ये या प्रश्नाची दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी राहतात, हे तुमच्या कधी लक्षात आलं आहे का? अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 साली सुरू झालं. ते लोक काँग्रिगेशनल मंडळीचे, म्हणजे मुळात कॅल्विनच्या परंपरेतले. 1618-19 साली हॉलंडमधल्या डोर्ट गावी धर्मसभा भरली, तिनं ठरवून टाकलं की देवानं ज्यांना निवडलं आहे ते पडतील, पण कायमचे गळणार नाहीत. त्याच नगरमध्ये मुक्तिफौजेचं बूथ हॉस्पिटल आहे. आपल्यापैकी कितीतरी जण तिथं जन्मले असतील. मुक्तिफौज काढणारे विल्यम बूथ हे मेथडिस्ट, वेस्लीच्या परंपरेतले. त्यांच्या श्रद्धेच्या कलमांत स्पष्ट आहे की तारणाच्या स्थितीत टिकून राहणं हे ख्रिस्तावरच्या सततच्या आज्ञाधारक विश्वासावर अवलंबून आहे. म्हणजे टिकलात तर टिकलात. आणि थोडं उत्तरेला श्रीरामपूरकडे गेलं की हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत आपले कॅथलिक बंधुभगिनी पापनिवेदनासाठी फादरांपुढे रांगेत उभे असतात.

तिघांपैकी खरं कोण, ते आज ठरवायचं नाही. चारशे वर्षांत विद्वानांचं जमलं नाही, ते जेवणाच्या सुट्टीआधी माझ्याकडून कसं जमणार? मी दोन माणसांबद्दल बोलणार आहे. त्यांतली दुसरी मी आहे.

पहिले एक बाबा. मुळाकाठच्या एका भिल्ल वस्तीतले. नाव सांगत नाही. बरीच वर्षं वीटभट्टीवर काम केलं, आता होत नाही. बाप्तिस्मा घेऊन त्यांना पंधरा वर्षं झाली असतील. दारू सोडली, धरली, सोडली, धरली. वर्षातून दोन-तीन वेळा तरी ते माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, “बाई, वहीत नाव हाय का अजून?” वही म्हणजे मंडळीचं रजिस्टर. पहिल्या वेळी मी त्यांना समजावत बसले की बाबा, जीवनाचं पुस्तक वेगळं, मंडळीची वही वेगळी. त्यांना ते पटलं नाही. ते म्हणाले, “तरी बघा की.” मग मी पाळकसाहेबांकडून रजिस्टर आणलं, पान काढलं, त्यांच्या नावावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. त्यांना वाचता येत नाही, पण त्या ओळीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. एकदा तर त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा द्या म्हणून हट्ट धरला. आधीचा धुऊन गेला, असं त्यांचं म्हणणं.

या माणसाला मी काय सांगायचं? “टिकलात तर टिकलात” हे सांगितलं तर ते त्या दिवशी गुत्त्यावरच जातील, कारण आपण टिकलो नाही हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांना मी योहान दहावा अध्याय सांगते. मेंढरू मेंढपाळाच्या हातात आहे, ते त्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगते. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करील असं आकाशात नाही आणि पाताळात नाही. बाबा विचारतात, “दारू बी नाही?” मी म्हणते, “दारू बी नाही.” ते रडतात. मग काही महिने बरे जातात.

आपल्यातले काही जण म्हणतील, बाई तुम्ही फार सैल सोडता. असेल. पण लूक सतराव्या अध्यायात प्रभू आपल्याला सांगतो की भावानं दिवसातून सात वेळा अपराध केला आणि सातही वेळा परत येऊन क्षमा मागितली तर सातही वेळा क्षमा कर. जे आपल्याला करायला सांगितलं ते देव स्वतः करणार नाही का? बाबा तर वर्षातून दोन-तीनदाच येतात.

आता दुसरी गोष्ट.

आपलं काम अकोले तालुक्यात ज्या गावांत आहे, तिथली एक ठाकर बाई. ख्रिस्ती नाही, व्हायचा प्रश्नही कधी निघाला नाही. तिची मुलगी बारावी सायन्स झाली. त्या वाडीतली पहिलीच. तिला नर्सिंगला जायचं होतं. राखीव जागेवर प्रवेश हवा तर जातवैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी जुने पुरावे. मुलीच्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, मग दाखला कुठून येणार? तिच्या आईनं चुलत सासऱ्यांचं नाव एका गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात आहे असं ऐकलं. ती तीन वेळा त्या शाळेत गेली. तीही आवणीच्या दिवसांत, मजुरी बुडवून. तिसऱ्या वेळी उतारा मिळाला. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिनं माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “ताई, तू नेऊन दे.”

मी ते नेऊन दिले नाहीत. मुदत संपायला पाच दिवस होते. मी तीन दिवस शिबिराला गेले, तिथं दोन अभ्यास माझेच होते. परत आले ती ताप घेऊन. पिशवी कपाटावर होती. आठवलं तेव्हा तारीख उलटून गेली होती.

इथवर झालं ते चुकून झालं. पुढचं चुकून झालं नाही. ती बाई विचारायला आली तेव्हा मी म्हणाले, “कचेरीनं परत पाठवले. पुरावा अपुरा आहे म्हणाले.” कचेरीचा काही संबंध नव्हता, पण असं बोललं की कोणी शंका घेत नाही, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ती गप्प बसली. मग म्हणाली, “म्हंजी त्यो उतारा खोटा व्हता?” मी म्हणाले, “तसं नाही, पण पुरेसा नाही.”

त्या रात्री मी प्रार्थना केली. खरंच केली, रडून केली. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे की आपण पापं कबूल केली तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, तो क्षमा करतो. मी कबूल केली. मन शांत झालं. त्या रविवारी प्रभुभोजन घेतलं. माझ्या हिशेबात प्रकरण मिटलं होतं, आणि माझ्या पदविकेतल्या निबंधाप्रमाणेही मिटलंच होतं.

त्या दिवाळीनंतर मुलगी आईबरोबर नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला गेली.

आपल्या भाषेत शब्द आहे पश्चात्ताप. नंतर होणारा ताप, मागाहून होणारी जळजळ. नव्या करारात ग्रीक शब्द आहे मेटानोइया, मन पालटणं. जुन्या करारातले संदेष्टे वापरतात तो इब्री शब्द शूब, म्हणजे मागे वळणं, परत येणं. भाषांतरकारांनी पश्चात्ताप घेतला त्यात त्यांची चूक नाही, दुसरा बरा शब्द आपल्याकडे नव्हता. पण त्यामुळे आपलं असं झालं आहे की ताप झाला, रडू आलं, की आपल्याला वाटतं काम झालं. रतनवाडीकडून येताना धुक्यात वाट चुकली आणि आपण तिथंच बसून खूप रडलो, तर घरी पोचू का? माझा ताप झाला होता. मी वळले नव्हते.

याच जिल्ह्यातलं एक घर मला या संदर्भात नेहमी आठवतं, टिळकांचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. तारखेसकट सांगता येतो असा प्रसंग. पण लक्ष्मीबाईंचं तसं नाही. त्या नवऱ्याकडे परत आल्या त्या सोवळं सांभाळतच. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांच्या मनात वर्षानुवर्षं शिजत होता. राहुरीला त्यांच्या मनानं ठरवलं की ही माणसाचीच करणी आहे, आणि मग त्या कोणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, टिळकांच्या मागून सुमारे पाच वर्षांनी. लक्ष्मीबाईंचं तारण कोणत्या दिवशी झालं म्हणायचं? ज्या दिवशी पाणी डोक्यावर पडलं त्या, की ज्या दिवशी दुसऱ्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरलं त्या? ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना हेही ठाऊक आहे की बाप्तिस्म्यानं टिळकांचा राग गेला नाही. बाईंनी तो झाकलेला नाही. आणि 1917 साली, बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, इतका मान मिळालेला हा माणूस मिशनची पगारी नोकरी सोडतो आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघतो. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही ख्रिस्ताच्या पायाशी एकत्र यावं म्हणून. लोक याला टिळकांचा लहरीपणा म्हणाले. मला तर ते वळणंच वाटतं, पंचावन्न वर्षांच्या वयात.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पण पुढं 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं लागली. आणि 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन झालं, तेव्हा पश्चात्तापानं ओक्साबोक्शी रडणाऱ्या मुलींत बाप्तिस्मा झालेल्याही होत्या.

परत माझ्याकडे येते. इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय मला आवडत नाही, प्रामाणिकपणे सांगते. प्रकाश मिळाल्यावर जे पतित झाले त्यांना पश्चात्तापाकडे परत आणणं अशक्य आहे, असं तिथं आहे. बाबांपुढे मी तो अध्याय कधी उघडत नाही. पण गेल्या उपासकाळात घरच्या वाचनात तो आला, आणि मला वाटलं, हा बाबांसाठी नाहीच. बाबांना भीती वाटते, म्हणजे ते अजून वळताहेत. हा माझ्यासारखीसाठी आहे. मला भीतीच वाटत नव्हती. क्षमेची पावती मी स्वतःच फाडली होती आणि स्वतःच फाईलला लावली होती.

मत्तय पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. ही आज्ञा मी मुलांना पाठ करून घेतली आहे, बक्षिसंही दिली आहेत.

मी गेले. वाडीपर्यंत गाडी जात नाही, शेवटचा अर्धा तास चालावं लागतं. ती ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कागद मी दिलेच नव्हते, कचेरीनं काही परत पाठवलं नाही, तुझा उतारा खरा होता. ती पाखडत राहिली. मला सुचेना, म्हणून मी म्हणाले, “मी देवाकडे क्षमा मागितली आहे.”

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, “फारम काय देवाचं व्हतं?”

या वाक्यापुढं माझा निबंध टिकत नाही. ती पुढं म्हणाली, “सासऱ्याचा उतारा खोटा म्हनून मी त्या शाळंच्या मास्तराला शिव्या घातल्या सालभर.” हे मला माहीतच नव्हतं. माझं खोटं माझ्या प्रार्थनेनंतरही वर्षभर त्या वाडीत हिंडत होतं, काम करत होतं.

आता मूळ प्रश्न. योहान तेरावा अध्याय. पेत्र आधी पाय धुऊ देत नाही, मग म्हणतो, नुसते पायच नको, हात आणि डोकंही धू. प्रभूचं उत्तर असं की ज्याची अंघोळ झाली आहे त्याला पाय धुण्यापलीकडे गरज नाही, तो सर्वांगी शुद्ध आहे. आवणीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळी अंघोळ झालेली असते, संध्याकाळी पोटऱ्यांपर्यंत चिखल असतो. म्हणून कोणी म्हणत नाही की सकाळची अंघोळ खोटी होती. आणि तसेच पाय घेऊन कोणी घरातही जात नाही. बाबा परत परत अंघोळ मागत होते, त्यांना सांगायचं होतं की अंघोळ झाली आहे. मी अंघोळीच्या भरवशावर चिखलाचे पाय घेऊन आत शिरले होते, तेही दुसऱ्याच्या घरात. शब्द एकच, पण तो कोणाला सांगतो आहोत हे पाहिल्याशिवाय सांगू नये. आपण बहुतेक वेळा उलट करतो. बाबांना दरडावतो आणि आपल्यासारख्या समितीवरच्या माणसांना खात्री देतो.

आणखी एक. जक्कयाकडे प्रभू जेवायला गेला तेव्हा जक्कय नुसता रडला नाही, चौपट परत देतो म्हणाला. मी चौपट कुठून देणार? त्या मुलीचं एक वर्ष माझ्याकडे नाही. मी पुन्हा प्रयत्न करू म्हणाले, तर आईनं सांगितलं की तिचं लग्न ठरलं आहे. मुलगी आत चुलीपाशी होती, बाहेर आली नाही.

मी निघाले तेव्हा त्या बाईनं मागून हाक मारली. धाकटी आता बारावीला आहे. तीच पिशवी, तोच उतारा. मला वाटलं, ती पुन्हा माझ्या हातात देते आहे. तिनं दिली नाही. म्हणाली, “मी बी येते संगं.”

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी जाऊन अर्ज दिला. खिडकीवर चार तास उभ्या होतो. पोच तिच्याकडे आहे.