एका शब्दाची अनेक बिऱ्हाडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा मी एकच शब्द निवडला : 'ब्लॉक'. इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेली बाईही आपल्याकडे तो सहज उच्चारते. मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. डच भाषेतून फ्रेंचमध्ये व तेथून इंग्रजीत तो आला. ओंडका म्हणजे एक अखंड तुकडा. आणि तोच वाटेत पडला की अडथळा. पुढचे बहुतेक अर्थ या दोन फांद्यांना फुटलेले आहेत.

पहिल्या फांदीवर आपण स्वतःच राहतो. गिरगाव-दादरच्या चाळींतून मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीकडे मंडळी आली ती 'ब्लॉक' घेऊन. चाळीत खोली होती, इथे ब्लॉक. म्हणजे काय, तर न्हाणीघर आणि संडास दाराच्या आत! सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहणे संपले. इंग्रजाला या शब्दाने सबंध इमारत दिसेल. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला ब्लॉक म्हणणे ही आपली करामत. मुलांनी आता त्याचा 'फ्लॅट' केला आहे, माझ्या तोंडी मात्र ब्लॉकच बसला आहे.

स्मरणिकेतल्या छायाचित्रांसाठी पूर्वी जस्ताचे ब्लॉक करून घ्यावे लागत. ऑफसेट छपाईने तो खर्च वाचवला. खेड्यांकडे १९५२ पासून विकासाचे ब्लॉक आले. त्याला आपण 'गट' असा सुटसुटीत शब्द दिला, म्हणून आज गटविकास अधिकारी असतो.

आता दुसरी फांदी. 'तुमचे खाते ब्लॉक होणार' असा निरोप मोबाइलवर येतो आणि जीव घाबरा होतो. ठगांना हवी असते तीच घाई. कोणी असा फोन केला तर ओटीपी सांगू नका, सरळ बँकेत जा. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

रेल्वेने दोन्ही फांद्या वापरल्या. मार्गाचे तुकडे पाडून एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची, ही मूळ ब्लॉक पद्धत; तिच्यामुळे आपण सुखरूप घरी येतो. दुसरा तो रविवारचा मेगाब्लॉक. माटुंगा-मुलुंड दरम्यान जलद गाड्या धिम्या मार्गावर, हे आपल्याला पाठच आहे. पश्चिम रेल्वेवाल्यांचा तो जंबोब्लॉक. २०२४च्या मे अखेरीस ठाण्याला फलाट रुंद करण्यासाठी तब्बल ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता. यातही पोटभेद आहेत. ट्रॅफिक ब्लॉकमध्ये रुळांवरची वाहतूक थांबते, पॉवर ब्लॉकमध्ये वरच्या तारेतली वीज बंद करतात. हा भेद जरा ध्यानात ठेवा.

कारण आमच्या इमारतीतल्या एक आजी चक्कर येऊन पडल्या आणि इस्पितळातल्या कागदावर 'हार्ट ब्लॉक' असे लिहून आले. झाले! शेजारपाजारी जो तो स्टेंट नि बायपासच्या गोष्टी करू लागला. एकीने दुधीचा रस पाठवला. मुलगा अँजिओप्लास्टीसाठी ठेव मोडायला निघाला. शेवटी डॉक्टरांनीच चित्र काढून समजावले. रक्तवाहिनी आतून अरुंद होते ते 'ब्लॉकेज'. ती वाहतुकीची अडचण. 'हार्ट ब्लॉक' विजेचा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विजेचा संदेश उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही, ठोके मंदावतात, चक्कर येते. स्टेंटने तो बरा होत नाही. सौम्य असला तर नुसते लक्ष ठेवतात, पूर्ण असला तर बहुधा पेसमेकर लागतो. आजींचा पूर्ण होता. म्हणून 'ब्लॉक आहे' एवढे ऐकून परतू नका. कोणता, नळीचा की विजेचा, हे डॉक्टरांना विचारा. तो प्रश्न विचारायला इंग्रजी यावे लागत नाही.

आजींना दोन दिवसांत पेसमेकर बसला. त्या आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि मघापासून मला घड्याळ दाखवीत आहेत.